टोमॅटोला पाणी: कधी, किती आणि कसं

घरच्या टोमॅटोच्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. झाड उंच झालं, पण फुलं गळतात. फळं धरली, पण बुडाशी काळी पडली. पिकायला आली तशी तडकली. खालची पानं पिवळी पडली. मग कुणी खत सुचवतं, कुणी फवारणी, कुणी अंड्याची टरफलं. या सगळ्यांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे पाणी. ते कमी पडलं की जास्त झालं, एवढाच प्रश्न नसतो. बहुतेक घरांत एक दिवस बादलीभर ओततात आणि पुढचे दोन-तीन दिवस विसरतात. टोमॅटोला हा चढउतार सोसत नाही.

नारायणगाव, संगमनेर, नाशिक या पट्ट्यात टोमॅटोचं पीक बघा. उंच गादीवाफे, त्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन आणि खाली ठिबकची नळी. मुळांपाशी ओल रोज जवळजवळ सारखी राहावी, हा त्यामागचा मोठा हेतू. शेतकरी पाणी सोडण्याआधी वाफसा बघतो. माती ओलसर आहे पण चिखल नाही, कणांच्या मधल्या जागेत थोडं पाणी आणि थोडी हवा आहे, ही ती स्थिती. मूठभर माती दाबली की लाडू वळतो, बोटाने टोकलं की तो फुटतो, आणि हाताला पाणी सुटत नाही. कुंडी असो, ग्रो बॅग असो की बंगल्यामागचा छोटा वाफा, आपल्याला हाच वाफसा टिकवायचा आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच.

१. पाण्याआधी कुंडी आणि माती

लहान कुंडीत टोमॅटोला नीट पाणी देताच येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. आठ इंची कुंडीतली माती उन्हात काही तासांत सुकते आणि झाड दिवसभर ताणात राहतं. एका झाडाला निदान बारा इंच रुंद आणि बारा इंच खोल जागा द्या. पंधरा इंची मिळाली तर फारच बरं, विशेषतः वेलासारख्या उंच वाढणाऱ्या जातींना. चेरी टोमॅटोची फळं लहान म्हणून त्याला लहान कुंडी चालेल असं अनेकांना वाटतं. त्याचं झाड मात्र बहुधा मोठं होतं आणि पाणीही भरपूर पितं.

तळाला चार-पाच छिद्रं हवीतच. त्यांवर खापराचा तुकडा किंवा नारळाच्या शेंड्या ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. कुंडी थेट गच्चीवर न टेकवता दोन विटांवर ठेवा. छिद्रं मोकळी राहतात आणि स्लॅबही ओला राहत नाही.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि भेगा पडतात. साधारण समप्रमाणात माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट असं मिश्रण घ्या. तुमची माती चिकट असेल तर त्यात थोडी जाड वाळू घाला. कुंडी काठोकाठ भरायची नाही. वर दोन-अडीच इंच जागा ठेवली तर पाणी तिथे क्षणभर थांबतं आणि मुरतं. नाहीतर ते काठावरून बाहेर पडतं आणि आपल्याला वाटतं, झाडाला मिळालं.

२. रोपं लहान असताना

रोपांच्या ट्रेमध्ये पाणी जास्त झालं की रोपं बुडाशी बारीक होतात आणि कोलमडतात. एकदा सुरुवात झाली की अख्खा ट्रे जातो. म्हणून ट्रेला बारीक छिद्रांच्या झारीने किंवा हाताच्या फवारणी पंपाने हलकं पाणी द्या, आणि वरचा थर फिकट दिसायला लागल्यावरच पुढचं.

साधारण २५ ते ३० दिवसांचं रोप लावणीला येतं. लावताना खालची एक-दोन पानं खुडून खोड त्या उंचीपर्यंत मातीत जाऊ द्या. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात, आणि मुळं जितकी जास्त तितका पाण्याचा ताण कमी. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी लावणी करा आणि लगेच भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळांभोवतीची पोकळी माती भरून काढते.

पहिला आठवडाभर मुळांपाशी ओल सतत हवी. त्यानंतर मात्र हात थोडा आखडता घ्या. वरचा इंचभर थर सुकू द्या, मग पाणी द्या. अशा वेळी मुळं ओलीच्या मागे खोल जातात. रोज वरवर शिंपडत राहिलात तर ती वरच्या दोन इंचांतच पसरतात आणि फेब्रुवारीचं ऊन लागलं की झाड रोज दुपारी मान टाकतं.

३. पाणी देण्याआधी बोट घालून बघा

हा लेख वाचून एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही घ्या. रोज सकाळी कुंडीच्या कडेच्या बाजूला, खोडापासून थोडं दूर, तर्जनी दोन पेरं आत घाला. आत गार आणि ओलसर लागलं, माती बोटाला चिकटली, तर आज थांबा. कोरडं आणि भुसभुशीत लागलं तर पाणी द्या. वरचा रंग बघून ठरवू नका. कोकोपीट जास्त असलेलं मिश्रण वरून एका दुपारीत फिकट पडतं आणि आत ओलंच असतं. हौशी लोकांच्या कुंड्यांत मुळं कुजतात ती बहुतेक इथेच.

कुंडी उचलून बघणं हीदेखील चांगली परीक्षा आहे. पाणी देऊन निथळल्यावर एकदा कुंडी किंचित कलती करून तिचं वजन हाताला कळू द्या, सुकल्यावर पुन्हा बघा. थोड्या दिवसांत नुसतं कलतं करून अंदाज येतो. ग्रो बॅगच्या बाबतीत तर हे फारच सोपं.

जमिनीतल्या वाफ्यात बोट पुरत नाही. खुरपीने झाडाच्या घेराच्या कडेला वीतभर खोल माती उकरा, मुठीत लाडू वळून बघा, आणि खड्डा परत बुजवा.

बाजारात दोन काट्यांचं ओलावामापक मिळतं. ते क्षारांमुळे आणि सैल मिश्रणामुळे चुकीचा आकडा दाखवू शकतं. माझं मत विचाराल तर त्या पैशांत चांगली झारी घ्या.

४. पाणी देण्याची रीत

वेळ सकाळची. ऊन चढण्याआधी दिलेलं पाणी झाडाला दिवसभर कामी येतं, आणि चुकून पानांवर उडालेले थेंब लवकर सुकतात. ज्यांना सकाळी ऑफिसच्या धांदलीत जमत नाही त्यांनी संध्याकाळी द्यायला हरकत नाही. फक्त अंधार पडण्याआधी द्या आणि पानं अजिबात भिजवू नका. दुपारी झाड खरंच कोरड्या मातीत मान टाकून उभं असेल तर संध्याकाळची वाट बघू नका, तेव्हाच द्या.

पाणी खोडाच्या बुडाशी, मातीवर द्यायचं. अनेकांना पाइपचा फवारा वरून मारून झाड स्वच्छ धुतल्याचं समाधान वाटतं. टोमॅटोच्या बाबतीत ते टाळा. करप्याची बुरशी ओल्या पानांवर वाढते, आणि मातीतले तिचे बीजाणू उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानांवर जाऊन बसतात. म्हणूनच करपा बहुतेकदा खालून वर चढतो. पानांवर तपकिरी डाग, त्यात एकात एक वर्तुळं दिसली तर ती पानं काढून टाका आणि पाणी देण्याची पद्धत आधी तपासा. जमिनीलगतची वीतभर उंचीपर्यंतची पानं झाड मोठं झाल्यावर तशीही काढलेली बरी.

आता मुख्य गोष्ट. पाणी सावकाश द्या आणि तळाच्या छिद्रांतून थोडं निथळेपर्यंत द्या. एकदम तांब्या उपडा केला तर माती वाहते, मुळं उघडी पडतात आणि पाणी कडेने निसटून जातं. कुंडी दोन दिवस पूर्ण कोरडी राहिली असेल तर हा प्रकार हमखास होतो. मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटलेला असतो, पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं, छिद्रातून धार लागते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी थोडं पाणी द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं द्या. दोन-तीन वेळा असं केलं की माती फुगून भिंतीला टेकते. कुंडी हलवता येण्यासारखी असेल तर ती पाण्याच्या टबात अर्धा तास ठेवून बाहेर काढून निथळू द्या.

खाली थाळी ठेवत असाल तर अर्ध्या तासाने त्यातलं पाणी फेकून द्या. मुळं पाण्यात उभी राहिली की त्यांना हवा मिळत नाही. शिवाय साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते, ते घरातल्या माणसांसाठी वाईट.

जमिनीत लावलं असेल तर खोडाभोवती आळं करा, पण पाणी खोडाला टेकून साचू देऊ नका. खोडाला मातीची थोडी भर द्या आणि आळं बांगडीसारखं, झाडाच्या घेराच्या कडेला ठेवा. पाणी शोषणारी कोवळी मुळं तिकडेच असतात.

५. किती पाणी?

आकडा सगळ्यांना हवा असतो, म्हणून देते. पण तो बोटाच्या परीक्षेच्या जागी वापरू नका. बारा इंची ग्रो बॅगमधल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला हिवाळ्यात साधारण एक ते दीड लिटर रोज, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन ते तीन लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून लागू शकतं. नुकतं लावलेलं रोप पाव-अर्ध्या लिटरवर भागवतं. ढगाळ दिवस आला तर निम्म्यावर या. गच्चीवर वारा असेल तर ऊन कमी असूनही माती लवकर सुकते. बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत हे फार जाणवतं.

जमिनीतला हिशेब वेगळा. हिवाळ्यात काळ्या मातीत पाच-सात दिवसांनी पाणी पुरतं, मुरमाड किंवा तांबड्या मातीत दोन-तीन दिवसांनी लागतं. दिलं की वीतभर खोल ओल जाईल इतकं द्या.

झाडाची गरज वयाप्रमाणे वाढते. फुलं यायला लागल्यापासून फळं भरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक, तेव्हा खाडा नको. फळांना केशरी झाक आली की पाणी थोडं कमी केल्यास चव दाट होते हे खरं आहे. पण थोडं म्हणजे थोडंच. चव वाढवायच्या नादात झाड कोमेजेपर्यंत ताण दिला तर वरची कच्ची फळं बिघडतात.

खताचं पाणी, म्हणजे शेणस्लरी, जीवामृत, विद्राव्य खत, नेहमी आधी साधं पाणी देऊन ओल्या केलेल्या मातीत द्या. कोरड्या मातीत दिलं तर मुळांना भाजल्यासारखं होतं. कुंडीतून दर वेळी थोडं पाणी निथळतं, त्याबरोबर खतही जातं. म्हणून कुंडीत खत एकदाच भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, दहा-पंधरा दिवसांनी द्यावं.

६. आच्छादन

मातीवर दोन इंच जाडीचा कोरड्या पाल्याचा थर द्या. वाळलेली पानं, उसाचं पाचट, भाताचा पेंढा, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जे तुमच्याकडे सहज मिळतं ते. बाष्पीभवन कमी होतं, माती तापत नाही, शिंतोडे उडत नाहीत. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुड कुजतं. आच्छादन घातल्यावर पाणी देण्याचं अंतर वाढतं. जुन्याच सवयीने देत राहू नका, पाला बाजूला सारून बोट घालाच.

७. फळ बुडाशी काळं पडतं तेव्हा

याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि औषधं इथे वाया जातात. फळाच्या खालच्या टोकाला, जिथे फूल सुकून गळलेलं असतं तिथे, आधी पाणचट डाग येतो. मग तो तपकिरी-काळा, चामड्यासारखा आणि आत दबलेला होतो. याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. ही बुरशी नाही, कीड नाही. शेजारच्या झाडाला हा त्रास लागत नाही. बुरशीनाशक मारून काही होत नाही.

कारण कॅल्शियमचं आहे, पण त्याचा रस्ता पाण्याचा आहे. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून पाणी सतत उडत असतं, म्हणून तो प्रवाह पानांकडे ओढला जातो. फळातून फारच थोडं पाणी उडतं, म्हणून त्याच्या वाट्याला कमी येतं, आणि सर्वांत कमी येतं ते त्याच्या खालच्या टोकाला. फळ झपाट्याने वाढत असताना दोन दिवस माती सुकली की ते टोक उपाशी राहतं आणि तिथल्या पेशी मरतात. माती सतत चिखल राहिली तरी हेच घडतं, कारण गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच मातींत आणि बोअरच्या पाण्यात चुना भरपूर असतो. त्यामुळे घरच्या बागेत कमतरता बहुतेक वेळा कॅल्शियमची नसते, ते फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफलं मातीत विरघळायला इतका वेळ लागतो की या हंगामाच्या फळांना त्यांचा उपयोग नाही. निव्वळ कोकोपीट आणि कंपोस्टवर झाड लावलं असेल तर मात्र कॅल्शियम खरंच कमी असू शकतं, तिथे लावणीच्या वेळी मिश्रणात ते घालण्याला अर्थ आहे. युरियासारखं नत्राचं खत हाताबाहेर देऊ नका, त्याने हा त्रास वाढतो.

उपाय साधा आहे. डाग पडलेली फळं काढून टाका, कारण ती सुधारत नाहीत आणि झाडाचं बळ खातात. मोठी असतील तर काळा भाग कापून उरलेलं खाता येतं. पाणी रोजच्या रोज सारखं करा, आच्छादन घाला, आणि पुढच्या घोसाकडे लक्ष द्या. पहिल्या घोसाला हा त्रास जास्त असतो. मुळं वाढली आणि पाणी सुरळीत झालं की पुढची फळं बहुधा चांगली येतात. लांबट आकाराच्या जातींना तो अधिक होतो, चेरी टोमॅटोला क्वचित.

८. फळ तडकतं तेव्हा

माती काही दिवस कोरडी राहिली की फळाची साल घट्ट होते. मग अचानक भरपूर पाणी मिळालं, तुम्ही दिलं किंवा अवकाळी पाऊस पडला, तर आतला गर फुगतो आणि सालीला तेवढं ताणता येत नाही. देठाभोवती गोल चिरा पडतात किंवा देठापासून खाली उभ्या. नियमित पाणी हाच उपाय. हवामान खात्याने पावसाचा इशारा दिला असेल तर रंग धरू लागलेली फळं आदल्या दिवशीच काढा. हलकी गुलाबी-केशरी झाक आलेलं फळ घरात, उन्हाबाहेर ठेवलं तरी व्यवस्थित पिकतं. तडकलेली फळं त्याच दिवशी सारात किंवा चटणीत वापरा, चिरेतून बुरशी लवकर शिरते.

९. झाड मलूल दिसलं की लगेच पाणी नको

कडक उन्हात दुपारी पानं खाली लोंबणं हा टोमॅटोचा स्वतःला वाचवण्याचा मार्ग आहे. पानांतून उडणारं पाणी मुळांच्या वेगाने भरून निघत नाही, एवढंच. माती ओली असेल तर ऊन उतरल्यावर झाड आपोआप उभं राहतं. खरी परीक्षा सकाळी करा. सकाळीही मलूल आणि माती कोरडी, तर पाणी द्या.

सकाळी मलूल आणि माती ओली, हे मात्र वाईट लक्षण. एक शक्यता म्हणजे पाणी साचून मुळं कुजली. खालची पानं पिवळी, मातीवर हिरवा थर, चिलटं, आंबूस वास, हे सगळं त्याच्याच बाजूने बोलतं. पाणी बंद करा, छिद्रात काडी घालून ती मोकळी करा, कुंडी हवेशीर जागी ठेवा. दुसरी शक्यता जिवाणूजन्य मर रोगाची. हिरवं झाड एक-दोन दिवसांत अख्खं कोमेजतं. बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. थोड्या मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरताना दिसले तर तो मर रोगच. असं झाड वाचत नाही. ते उपटून टाका, आणि त्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा लावू नका. ज्यांच्याकडे हा रोग पुन्हा पुन्हा येतो त्यांनी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही जात लावून बघावी. ती मर रोग, लवकर येणारा करपा आणि पर्णगुच्छ (पानं चुरगळवणारा विषाणूजन्य रोग) या तिन्हींना प्रतिकारक आहे.

पानं वळली तरीही पाण्याकडे बोट जातं. खालची जुनी पानं वर वळून जाडसर झाली असतील तर ते उष्णतेचं किंवा पाण्याच्या चढउताराचं लक्षण, फळांवर फारसा परिणाम होत नाही. शेंड्याची कोवळी पानं बारीक, पिवळसर आणि चुरगळलेली येत असतील तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि फुलं गळणं. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत, फुलं गळतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलनंतर कितीही पाणी दिलं तरी हे थांबत नाही. हिरवी शेडनेट बांधून झाड जगवता येतं, फळांची अपेक्षा मात्र कमी ठेवावी. नवशिक्यांनी म्हणूनच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकावं. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत फळं सुरू होतात आणि थंडीत पाण्याचं गणितही सांभाळायला सोपं जातं. कोकणात तर पाऊस पूर्ण सरल्याशिवाय घाईच करू नका.

१०. कोणतं पाणी चालतं?

नळाचं पाणी चालतं. त्यातलं क्लोरीन टोमॅटोला अपाय करण्याइतकं नसतं, रात्रभर भरून ठेवण्याची सक्ती नाही. उन्हाळ्यात मात्र गच्चीवर पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढून घ्या, थंड झाल्यावर वापरा.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरे क्षार साठतात. महिन्यातून एकदा कुंडीला नेहमीच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश देऊन ते निथळू द्या, क्षार धुतले जातात. आरओ यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात, ते रोज नको. एसीचं पाणी चालतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अधूनमधून चालतं, पण रोज तेच दिलं तर चिलटं आणि मुंग्या येतात. साबणाचं आणि मिठाचं पाणी अजिबात नको.

११. पावसाळ्यात

पावसाळ्यात काम उलटं होतं, पाणी द्यायचं नाही तर घालवायचं. उन्हाळ्यात केलेली आळी मोडून टाका, खोडाला मातीची भर द्या, वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. कुंड्या शक्य असल्यास छपराच्या कडेखाली, ऊन मिळेल पण धार पडणार नाही अशा जागी सरकवा. टोमॅटोची मुळं साचलेल्या पाण्यात दोन दिवसही नीट तग धरत नाहीत. आणि पाऊस पडला म्हणजे कुंडीला पाणी मिळालंच असं समजू नका. झाड दाट असेल तर हलक्या सरींचं पाणी पानांवरून बाहेर ओघळतं आणि माती कोरडी राहते. जुलैतही बोट घालाच.

१२. गावी जाताना

दिवाळीत चार-पाच दिवस घर बंद, आणि नेमकी तेव्हा झाडं वाढीला लागलेली. शेजारच्या काकूंना किल्ली देणं सर्वांत चांगलं, पण त्यांना “रोज पाणी घाला” असं सांगू नका, “बोट घालून कोरडं लागलं तर दोन तांबे घाला” असं सांगा.

तशी सोय नसेल तर कुंड्या एकत्र, सावलीच्या बाजूला लावा, आच्छादनाचा थर वाढवा आणि जाण्याच्या सकाळी पोटभर पाणी द्या. मोठ्या कुंडीत न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा, वर झाकण ठेवा. पाणी भिंतीतून पाझरत राहतं आणि माती सुकली की जास्त ओढलं जातं. संक्रांतीच्या सुगडांचाही असा उपयोग होतो, फक्त रंग किंवा चकाकी दिलेली नकोत, त्यांतून पाणी पाझरत नाही. मडकं रोप लावतानाच पुरायला हवं. वाढलेल्या झाडाशेजारी खड्डा केला तर मुळं तुटतात. दुसरी सोय सुती दोरीची. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवायची, जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन-तीन इंच खोल. झाकणाला भोक पाडलेली उलटी बाटली मात्र बऱ्याचदा काही तासांतच रिकामी होते. जी सोय करायची ती जाण्याआधी दोन दिवस चालवून बघा.

परत आल्यावर माती कोरडी आणि झाड मलूल दिसलं तर पाण्याची घाई करू नका. आधी पिकलेली आणि रंग धरलेली सगळी फळं काढून घ्या, नाहीतर पाणी मिळताच ती तडकतील. मग थोडं पाणी, पाव तास थांबून पुन्हा थोडं, आणि पूर्ण मात्रा दुसऱ्या दिवशी सकाळी.